प्रश्नावली कुणी लिहिली?

स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं की हातात सगळ्यात आधी प्रश्नावली पडते. बहुतेक वेळा पीएचक्यू-9. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, थकवा आला का, भूक मंदावली का. अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी ती तयार झाली, आता जगभर चालते. साधन वाईट नाही. पण ते काय मोजत नाही, हे मला पापनाशमला नीट दिसलं.

पापनाशम तमिळनाडूत, तंजावर जिल्ह्यात. मराठी माणसाला तंजावर म्हणजे व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल. कावेरीच्या चिखलात कंबरेत वाकून भात लावणाऱ्या दलित बायका आपल्या त्या अभिमानाच्या यादीत नसतात. माझी एक तमिळ मैत्रीण, आमच्यासारखीच घरातली पहिली पदवीधर, याच बायकामुलींच्या मानसिक आरोग्यावर पीएचडी करते आहे. तिच्यासोबत मी आठवडाभर फिरले. तिथे गावाला ‘ऊर’ म्हणतात आणि दलित वस्तीला ‘चेरी’. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पीएचक्यू-9 मधला सातवा प्रश्न एकाग्रतेचा आहे: वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही का? पन्नाशीच्या एका अक्कानं हसून उलट विचारलं, “पेपर कोण वाचतं? लावणीत लक्ष नसतं तर मला कामावर कुणी घेतलं असतं का?” मैत्रिणीनं शून्य लिहिलं. थकव्याच्या प्रश्नाला तीन लिहिले, कारण थकवा रोजचा होता. तो आजाराचा की मजुरीचा, हे विचारायला फॉर्मवर जागा नव्हती.

पण मला खरा अडला तो सहावा प्रश्न. स्वतःबद्दल वाईट वाटतं का, आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली बघायला लावलं असं वाटतं का? बारावीतल्या एका मुलीनं ठामपणे ‘नाही’ सांगितलं. शून्य. नंतर चहा पिताना ती बोलायला लागली. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना जातीचं नाव घेऊन मुलींना उभं केलं गेलं, त्या दिवसापासून शेजारची मुलगी डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसते. हिला शाळेत जावंसं वाटत नाही. “मला माझ्याबद्दल वाईट वाटत नाही,” ती म्हणाली, “मला त्यांचा राग येतो.” त्या नऊ प्रश्नांत रागाचा प्रश्नच नाही. अपमान ज्यांनी केला त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. दुःख असेल तर ते बाईनं स्वतःच्या दोषाच्या रूपात सांगावं, तरच ते मोजलं जाणार.

आणि ‘गेले दोन आठवडे’? किळवेनमणी तेव्हा याच तंजावर जिल्ह्यात होतं. 25 डिसेंबर 1968 ला मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या मजुरांच्या वस्तीतली 44 दलित माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळली गेली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. या खोऱ्यातल्या एखाद्या आजीनं नातीला ‘मालकासमोर मान वर करू नकोस’ असं शिकवलं असेल, तर ती भीती कुठल्या दोन आठवड्यांत बसवायची?

असले प्रश्न ‘सामाजिक’ आहेत, मानसोपचाराचे नाहीत, असं उत्तर मिळतं. मला ते पटत नाही, कारण विचारलं की सापडतं हे आपल्याच शेजारी सिद्ध झालंय. गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांच्या दीर्घकालीन थकव्याचा अभ्यास झाला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तो 2005 साली प्रसिद्ध केला. आपण बाई थकली की ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देतो. या अभ्यासात थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी दिसला नाही; तो दिसला मनाच्या ताणाशी, घरातल्या कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक हिंसेशी. संशोधकांनी कर्ज आणि भूक विचारली म्हणून ती सापडली. पुण्याच्या भार्गवी दावर यांनीही आयुष्यभर हेच मांडलं, की बाईच्या त्रासाची मुळं तिच्या जगण्यात शोधा.

जात मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्या पानावरच्या चौकोनात राहते: एससी, एसटी, ओबीसी, खुला. टिक केली की संपलं. जात म्हणजे तिच्यासोबत काय घडतं, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2021 च्या अहवालात 45,026 स्त्रियांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांतल्या 23,178 ‘गृहिणी’. त्यात व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न यांचे तक्ते आहेत. जातीचा तक्ता नाही. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर सांगतो की उपचारात जातीवरून भेदभाव होता कामा नये. नोंदच नसेल तर भेदभाव झाला की नाही, हे कुणाला कळणार?

हे तुम्हाला सांगण्याचं कारण असं, की आपल्यातल्या अनेकांची पहिली नोकरी अशाच सर्वेक्षणात असते. आपल्याला भाषा येते, वस्तीत आपल्याला कुणी अडवत नाही, म्हणून फॉर्म भरायला आपण चालतो. दिवसाला इतके फॉर्म, वर प्रवासभत्ता. प्रश्न ठरवायच्या बैठकीला मात्र आपल्याला बोलावणं नसतं, आणि शोधनिबंधावर नाव येत नाही. ज्यांचं नाव येतं त्यांनी चेरीतलं नळकोंडाळं पाहिलेलं असतंच असं नाही. तेव्हा फॉर्मची मागची कोरी बाजू वापरा. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत तारखेसह लिहा, तिची ओळख झाका, आणि वरिष्ठांना विचारा की याचं काय करणार.

मैत्रिणीनं एक जास्तीचं पान जोडलंय. पाणी कुठून भरता? मालक तुम्हाला काय म्हणून हाक मारतो? नको वाटलं तर काम सोडता येतं का? कुणाचा राग येतो? मार्गदर्शकांनी विचारलं, या प्रश्नांचं प्रमाणीकरण कुठे झालंय? आक्षेप चुकीचा नाही. न तपासलेल्या प्रश्नांवर पीएचडी होऊ नये. पण प्रमाणीकरणाला पैसा आणि वेळ लागतो, आणि तो कुठल्या प्रश्नांना मिळतो हे आपण बघतोच आहोत. तिनं स्वतःच्या फेलोशिपमधून ते सुरू केलंय. त्याच बायकांकडे तेच प्रश्न घेऊन ती पुन्हा जाते, उत्तरं जुळतात का ते बघते. संध्याकाळी सातनंतरच जाते, कारण त्याआधी चेरीत बायका घरी नसतात.