संगणक घ्या, पण मक्तेदारी विकत घेऊ नका!

जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च वाचवायचा आणि विहाराच्या अभ्यासिकेला दोन-चार संगणक घ्यायचे, असा विचार वस्तीतले तरुण करतात तेव्हा आम्हाला आनंदच होतो. पण दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. समाजाचा हा पैसा नेमका कोणाच्या खिशात जाणार आहे?

यंत्र चालविणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. दुकानातल्या बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची विंडोज आधीच भरलेली असते. तिची किंमत यंत्राच्या किमतीतच मिसळलेली असते. ही स्थिती आपोआप आलेली नाही. एके काळी या कंपनीचे उत्पादकांशी असे करार होते, की यंत्रात तिची प्रणाली भरा वा भरू नका, प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यावेच लागत. अमेरिकी सरकारच्या कारवाईमुळे १९९४ साली कंपनीला ही अट सोडणे भाग पडले. करार गेले, मक्तेदारी मात्र राहिली.

मग दुकानदार दुसरी वाट सुचवतो. 'डॉसवाले स्वस्त यंत्र घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो.' ही चोरीची प्रत असते. समाजाच्या घामाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अभ्यासिकेत चोरीचा माल का म्हणून यावा?

तिसरी वाट आहे, ती लिनक्सची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून अभ्यासावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. ज्ञानाला घातलेले कुलूप पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजाला या मोकळिकीचे मोल वेगळे सांगायला नको.

हे केवळ स्वप्न नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांत हीच वाट धरली. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली बसवून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असे तेथील शासकीय संस्थेने २०१९ साली सांगितले होते. केरळच्या गरिबाचे पोर ज्यावर शिकते, त्यावर महाराष्ट्रातले का शिकू नये?

आक्षेप येईल, की एमएस-सीआयटीत विंडोज शिकवतात, नोकरीतही तीच लागते. आक्षेप खोटा नाही. टॅलीसारख्या कामासाठी एखादे यंत्र विंडोजचे ठेवावे, पण रीतसर परवाना घेऊन. बाकी अर्ज लिहिणे, तक्ते करणे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, युनिकोड मराठीचे टंकलेखन ही कामे लिनक्सवर होतात. इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे. ज्याला संगणक समजला, तो कोणत्याही प्रणालीवर बसेल. ज्याने फक्त बटणे पाठ केली, तो बटणाची जागा बदलताच अडेल.

मात्र लिनक्स आधीच भरलेले यंत्रच मागावे. रिकामे यंत्र आणले आणि नंतर वाय-फाय वा आवाज चालेना, तर दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. उत्पादकाने भरून दिलेली प्रणाली त्या यंत्रावर तपासलेली असते. म्हणून दरपत्रकातच 'उबुंटूसह' असे लेखी मागावे. दुकानदार 'मिळत नाही' म्हणेल. २००७ साली डेल कंपनीने उबुंटू भरलेले संगणक विकायला काढले, ते ग्राहकांनी मागणी लावून धरल्यामुळेच. एका मंडळाला दुकानदार टाळेल. तालुक्यातली दहा मंडळे मिळून गेली तर टाळणार नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. अनेक चालती यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात काढण्याआधी त्यांवरही लिनक्स चालवून पाहावे. आपले यंत्र केव्हा निकामी ठरवायचे, हा निर्णय कंपनीच्या हाती का द्यायचा? वाचलेल्या पैशातून अभ्यासिकेला पुस्तके येतील. मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा.