'स्ट्राइक' या शब्दाचा अर्थ कोण ठरवतो?

इंग्रजीतील 'स्ट्राइक' हा शब्द शब्दकोशात रकानेच्या रकाने व्यापून बसला आहे. घड्याळाचे ठोके पडणे, काडी ओढून पेटवणे, वीज कोसळणे, नाणे पाडणे, सौदा ठरवणे, जमिनीत तेलाचा साठा लागणे, तळ उठवणे, यादीतून नाव खोडणे, विमानांनी बाँबहल्ला करणे, या साऱ्या क्रिया या एकाच क्रियापदाने भागतात. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू खेळण्याची पाळी ज्याची, तो फलंदाज 'स्ट्राइक'वर असतो. आणि कामगारांचा संप तोही 'स्ट्राइक'च. या बहुतेक अर्थांच्या मुळाशी आघाताची कल्पना आहे. त्यामुळे संप म्हणजे समाजावर केलेला आघात, असा समज पसरवणे मालकवर्गाला सोपे जाते. शब्दाचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो.

इंग्रजी नाविकांच्या भाषेत या क्रियापदाचा अर्थ शीड किंवा निशाण खाली उतरवणे असा होता. लढाईत निशाण उतरवणे ही शरणागतीची खूण. १७६८ साली वेतनवाढीसाठी लढणाऱ्या लंडनच्या खलाशांनी बंदरातील व्यापारी जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे जागच्या जागी खिळून राहिली. संपाचा अर्थ या शब्दाला लाभला तो तेथून. शरणागतीच्या शब्दातून श्रमिकांनी नकाराचा शब्द घडवला आणि कोशकारांनी त्याची नोंद मागाहून घेतली.

इतर भाषांची साक्षही अशीच आहे. फ्रेंचमधील संपाचा शब्द पॅरिसच्या ज्या चौकात कामाच्या शोधातील मजूर जमत, त्या चौकाच्या नावावरून आला. तमिळमधील 'वेलैनिरुत्तम्' म्हणजे सरळ काम थांबवणे. हिंदीतील 'हडताल' म्हणजे बाजाराला घातलेले कुलूप. गुजरातीत 'संप' म्हणजे आजही एकोपा. मराठी कामगाराने या शब्दाला काम बंद ठेवण्याचा अर्थ दिला, तरी एकोप्यावाचून संप होत नाही ही खूण त्यात शिल्लक आहेच. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या या एकोप्याच्या बळावर. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी देशभर वीस दिवस झुंज दिली तीही त्याच बळावर.

संप सुरू होताच भांडवली वृत्तपत्रे 'जनतेला वेठीस धरले' अशी ओरड करतात. वेठ म्हणजे मोबदल्याविना, सक्तीने करून घेतलेले काम. ज्याला काम नाकारण्याची मुभा नाही, तोच वेठीला धरलेला असतो. वेठ नाकारणाऱ्यावरच वेठीचा आरोप ठेवणे ही भाषेची उलटी चाल आहे.

सत्तेजवळ तर शब्दाचा अर्थच बदलण्याचे साधन आहे. २००३ साली तामिळनाडू सरकारने संपकरी कर्मचाऱ्यांवर 'स्ट्राइक'चा दुसरा अर्थ चालवला आणि दीड लाखांहून अधिक जणांची नावे सेवेतून खोडली. बहुसंख्यांना पुढे कामावर परत घ्यावे लागले, तरी सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. त्यापुढची पायरी २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने गाठली. एखाद्या उद्योगातील निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तीही या संहितेनुसार संप ठरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पूर्वसूचनेची सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. आता प्रत्येक आस्थापनेत चौदा दिवसांची सूचना बंधनकारक आहे, आणि समेटाची कार्यवाही चालू असेपर्यंत संपाला मनाई आहे. संपाची व्याख्या जितकी फैलावली, तितका संपाचा हक्क आकसला. मराठीत यालाच हरताळ फासणे म्हणतात.

म्हणून 'स्ट्राइक'चा अर्थ हा केवळ कोशकारांचा प्रश्न राहत नाही. कायद्याच्या पुस्तकात तो एक वर्ग लिहितो आणि कारखान्याच्या दारात दुसरा. १७६८ च्या खलाशांनी अर्थ बदलण्यापूर्वी कोणाची परवानगी मागितली नव्हती. चौदा दिवसांची सूचना दिली असती, तर ती जहाजे सूचनेची मुदत संपण्यापूर्वीच माल भरून समुद्रात गेली असती. संहितेचा खरा उद्देश यापेक्षा वेगळा नाही, हे प्रत्येक कामगाराने ओळखले पाहिजे, आणि तिच्याविरुद्धचा लढा आपल्या युनियनच्या दारापासून सुरू केला पाहिजे.