केएलएफ : गाणी आणि पत्रके

केएलएफ ही लंडनमधील इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी जोडी. बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी या दोघांनी १९८७ च्या आरंभी तिचा घाट घातला आणि मे १९९२ मध्ये गाशा गुंडाळला. मधल्या काळात कोणत्याही मोठ्या कंपनीचा आधार न घेता त्यांनी ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत दोनदा पहिला क्रमांक मिळवला. परंतु नुसत्या गाण्यांवरून या जोडीची पुरती ओळख पटत नाही. रेकॉर्डइतकीच मेहनत त्यांनी चाहत्यांना पाठवलेल्या पत्रकांवर, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर आणि रात्री भिंतींवर रंगवलेल्या अक्षरांवर घेतली होती.

ड्रमंड या धंद्यात नवखा नव्हता. १९७८ मध्ये लिव्हरपूलला ‘झू रेकॉर्ड्स’ ही छोटी कंपनी काढण्यात त्याचा हात होता. ‘एको अँड द बनीमेन’ आणि ‘द टिअरड्रॉप एक्सप्लोड्स’ या बँडचे व्यवस्थापन त्याने पाहिले. पुढे डब्ल्यूईए या बड्या कंपनीत नवे कलाकार हेरण्याची नोकरी केली आणि १९८६ मध्ये ती सोडली. तेव्हा आपले वय तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश वर्षे, म्हणजे नेमके लाँग प्ले तबकडीच्या मिनिटागणिक फेऱ्यांइतके होत आले आहे, असे त्याने राजीनाम्याच्या निवेदनात जाहीर केले. कॉटी हा मूळचा चित्रकार. ‘ब्रिलियंट’ नावाच्या बँडमध्ये तो गिटार वाजवी. या बँडला ड्रमंडनेच करारबद्ध केले होते, पण पैसा ओतूनही तो चालला नाही. कंपनीत पैसा कसा येतो आणि कसा वाया जातो, हे दोघांनी असे आतून पाहिले होते.

१ जानेवारी १९८७ रोजी ड्रमंडने कॉटीला फोन करून हिपहॉपची रेकॉर्ड काढण्याचा बेत सांगितला. हाताशी सामान फार नव्हते: ॲपल टू संगणक, त्याला जोडलेला ग्रीनगेटचा सॅम्पलर आणि रोलँडचे ८०८ ड्रम मशीन. सॅम्पलर दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलतो आणि हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या गतीने वाजवतो. या दोघांनी तुकडे लपवूनछपवून घेतले नाहीत, उघड उघड घेतले. ‘द जस्टिफाइड एन्शंट्स ऑफ मू मू’ या लांबलचक नावाने त्यांनी काढलेल्या पहिल्या गाण्यात बीटल्सचा ओळखीचा आवाज सरळ वाजतो. त्याच वर्षीच्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये ‘ॲबा’ या स्वीडिश बँडच्या ‘डान्सिंग क्वीन’चा मोठा तुकडा आहे. ब्रिटनमधील हक्करक्षक संस्थेने हरकत घेतली आणि उरलेल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

अशा वेळी बहुतेक बँड वकील गाठतात. हे दोघे गाडीत अल्बमच्या प्रती भरून, एका संगीत साप्ताहिकाच्या पत्रकाराला बरोबर घेऊन थेट स्वीडनला निघाले. ॲबाला समक्ष भेटून गळ घालायची, असा बेत होता. भेट झालीच नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी काही प्रती एका शेतात जाळल्या आणि उरलेल्या बोटीवरून उत्तर समुद्रात फेकल्या. लोकांपुढे मांडण्याजोगा प्रसंग मात्र हाती लागला आणि त्याचा त्यांनी पुरेपूर वापर केला.

त्यानंतरची कृती अधिक चतुर होती. त्याच अल्बमची आक्षेपार्ह तुकडे काढून टाकलेली आवृत्ती त्यांनी बाजारात आणली. तुकड्यांच्या जागी शांतता होती, मधूनमधून बरीच लांब. वेष्टनावर सूचना होत्या: कोणत्या जुन्या रेकॉर्ड मिळवायच्या, त्या कुठे वाजवायच्या, म्हणजे मूळ अल्बम घरच्या घरी तयार होईल. कायदा पाळला गेला आणि तो पाळताना संगीताचे काय होते हे ऐकणाऱ्याच्या कानावर घातले गेले. कॉपीराइटविषयी या जोडीने पुढे जे काही म्हटले, त्यात या शांततेइतके नेमके काहीच नाही.

‘केएलएफ कम्युनिकेशन्स’ ही त्यांची स्वतःची कंपनी. तिचा पसारा म्हणजे जवळजवळ हे दोघेच. स्टॉकवेल या दक्षिण लंडनच्या भागात कॉटी राहत असे, त्या मोडकळीला आलेल्या घराला त्यांनी ‘ट्रान्सेंट्रल’ असे भारदस्त नाव दिले होते. स्टुडिओ तिथेच. पत्ते नोंदवलेल्या चाहत्यांना क्रमांक घातलेली माहितीपत्रके टपालाने जात. साठच्या दशकातली मराठी अनियतकालिके ज्याने हाताळली असतील, त्याला ही जातकुळी चटकन ओळखू येईल. बेत, तक्रारी, फुशारक्या आणि हिशेब अशी सगळी सरमिसळ त्यांत असे.

या पत्रकांचा खरा विशेष म्हणजे त्यांतली फजितीची कबुली. १९८८ मध्ये ‘टाइमलॉर्ड्स’ या नावाने काढलेले त्यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेची धून आणि जुन्या ग्लॅम रॉक गाण्यांचा ठेका यांची ती बिनदिक्कत केलेली मोट होती. गायक म्हणून त्यांनी आपल्या जुन्या अमेरिकन फोर्ड गाडीचे नाव दिले. त्यातून आलेला पैसा त्यांनी ‘द व्हाइट रूम’ या चित्रपटात घातला. स्पेनमध्ये चित्रीकरण झाले, पैसा संपला, चित्रपट अडकला. दिवाळखोरी टाळण्यासाठी १९८९ मध्ये मुद्दाम लोकांना रुचेल असे ‘कायली सेड टू जेसन’ काढले, तेही पडले. हा सारा प्रकार त्यांनी चाहत्यांना पत्रकातून सांगून टाकला. कोणत्याही कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने असा मजकूर बाहेर जाऊ दिला नसता.

पहिल्या क्रमांकानंतर त्यांनी ‘द मॅन्युअल’ हे छोटे पुस्तकही लिहिले. पहिल्या क्रमांकाचे गाणे सोप्या रीतीने कसे करावे, हा त्याचा विषय. खिशात दमडी नसावी, नोकरी नसावी, बँडमध्ये असाल तर तो सोडावा, वाद्ये वाजवता येण्याची गरज नाही, अशी त्याची सुरुवात. स्टुडिओचे आरक्षण, बँकेच्या व्यवस्थापकाशी बोलणी, वितरकाला गाठणे या गोष्टी मात्र त्यात अतिशय व्यवहारी शब्दांत येतात. तीन महिन्यांत यश न आल्यास पैसे परत, अशी हमीही होती. वरून थट्टा वाटते, पण सगळा धंदा उघडा करून दाखवणारे इतके उपयोगी पुस्तक त्या काळात दुसरे सापडणे कठीण. ‘एडलवाइस’ या ऑस्ट्रियन बँडने त्याबरहुकूम गाणे केले आणि युरोपभर खपवले.

चित्रपट बुडाला तरी संगीत थांबले नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये आलेला ‘चिल आउट’ हा त्यांचा सर्वांत टिकाऊ अल्बम. टेक्सासहून लुइझियानाकडे जाणारा रात्रीचा काल्पनिक प्रवास, सुमारे ४४ मिनिटांचा आणि अखंड. आगगाड्या, मेंढ्यांचे आवाज, रेडिओवरचे बोलणे, तुवातील कंठगायन आणि मध्येच दुरून आल्यासारखा एल्विस प्रेस्लीचा आवाज. ही सगळी जुळवणी ट्रान्सेंट्रलमध्ये थेट, एका दमात केली होती. शेवटाकडे चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नाचाच्या मैदानातून पहाटे परतणाऱ्यांसाठी केलेल्या या संगीतात ढोल जवळजवळ नाहीत.

त्यानंतरचा काळ भरभराटीचा. ‘व्हॉट टाइम इज लव्ह?’, पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘थ्री ए.एम. एटर्नल’, ‘लास्ट ट्रेन टू ट्रान्सेंट्रल’ आणि अमेरिकन कंट्री गायिका टॅमी वायनेटला घेऊन केलेले ‘जस्टिफाइड अँड एन्शंट’ ही गाणी जगभर वाजली. ठेका हाऊस संगीताचा, पण वर स्टेडियमच्या गर्दीचा जल्लोष. दोन जणांच्या कंपनीला हा व्याप झेपणे अवघड होते.

१२ फेब्रुवारी १९९२ रोजी ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांनी ‘एक्स्ट्रीम नॉइज टेरर’ या कर्णकर्कश बँडला बरोबर घेऊन गाणे सादर केले. अखेरीस ड्रमंडने प्रेक्षकांवर बंदुकीतून खोट्या गोळ्या झाडल्या आणि केएलएफ संगीताच्या धंद्यातून बाहेर पडल्याची घोषणा झाली. नंतरच्या मेजवानीच्या दारात मेलेली मेंढी टाकलेली आढळली. मे महिन्यात त्यांनी संगीत साप्ताहिकात जाहिरात देऊन निवृत्ती पक्की केली आणि ब्रिटनमधील आपल्या सर्व रेकॉर्ड विक्रीतून काढून घेतल्या. हे जमले, कारण हक्क त्यांचेच होते. कंपनीच्या कलाकाराला निवृत्त होता येते, पण त्याची जुनी गाणी विकली जातच राहतात. अमेरिकेत हक्क दुसऱ्या कंपनीकडे दिलेले असल्याने तिथे त्यांचे संगीत मिळत राहिले. चाहत्यांसाठी हा निर्णय कठोर होता. ज्यांना विश्वासात घेऊन हिशेब सांगितले, त्यांच्याच हातून गाणी काढून घेतली गेली.

गाण्यांतून आलेल्या पैशातून पुढे ‘के फाउंडेशन’ निघाले. १९९३ मध्ये कलाजगताची खिल्ली उडवण्यासाठी सर्वांत वाईट कलाकाराला ४०,००० पौंडांचा पुरस्कार त्यांनी जाहीर केला. तो दिला शिल्पकार रेचेल व्हाइटरीड हिला, ती २०,००० पौंडांचे टर्नर पारितोषिक घेत होती त्याच दिवशी. २३ ऑगस्ट १९९४ च्या पहाटे स्कॉटलंडमधील ज्युरा बेटावर एका होडीघरात त्यांनी दहा लाख पौंड जाळले. नोटा पन्नासच्या. तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. पुढल्या वर्षी या प्रसंगाचा चित्रपट गावोगाव दाखवून त्यांनी प्रेक्षकांनाच विचारले, की हे होते तरी काय? पत्रकांतला मोकळेपणा इथे उरला नव्हता. करणाऱ्यांनी कारण द्यायचे टाळावे आणि ते शोधण्याचे ओझे पाहणाऱ्यांवर टाकावे, हे न्याय्य म्हणता येत नाही. २००४ मध्ये ड्रमंडने या कृत्याबद्दल खंत व्यक्त केली.

नोटा जाळण्याविषयी २३ वर्षे बोलायचे नाही, असे दोघांनी १९९५ मध्ये ठरवले होते. २३ ऑगस्ट २०१७ रोजी, नोटा जाळल्याला २३ वर्षे झाली त्या दिवशी, ते लिव्हरपूलमध्ये पुन्हा एकत्र दिसले, पण गाणी घेऊन नव्हे. त्यांनी एक कादंबरी काढली, काही दिवसांचा सोहळा केला आणि मृतांची रक्षा घातलेल्या विटांचा पिरॅमिड उभारण्याची योजना मांडली. गाणी परतली ती १ जानेवारी २०२१ रोजी, स्ट्रीमिंगवर, लंडनमधल्या एका रेल्वेपुलाखाली लावलेल्या पोस्टरांतून वार्ता देऊन. पाठोपाठ ‘चिल आउट’ही नव्या नावाने आला. प्रवास आता ब्रुकलिनहून मेक्सिको सिटीकडे जाणारा आहे आणि परवानगी नसलेले तुकडे त्यातून गाळले आहेत. एल्विस ऐकायचा असेल, तर १९९० ची तबकडीच शोधावी लागते.