टोपली आणि नाणे



परवा मधल्या सुट्टीत आम्ही क्रिकेट खेळत होतो. आमचा गट लागोपाठ तीन दिवस नाणेफेक हरला होता. चौथ्या दिवशी आमची कप्तान म्हणाली, "तीनदा काटा पडलाय, आज छापा पडणारच!" पडला काटाच. सगळे हसले. मला मात्र घरचे बोलणे आठवले.

आम्ही तिघी बहिणी. आजी सारखी म्हणते, "तीन पोरी झाल्या, आता चौथा नातूच व्हायचा." आजी फार मायाळू आहे, पण तिचे हे गणित मला पटत नाही.

गुरुजींनी वर्गात छान समजावले. आपल्या पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीची टोपली घ्या. तिच्यात तीन कच्ची फळे आणि एक पिकलेले. डोळे मिटून तीन फळे काढली आणि तिन्ही कच्ची निघाली, तर उरलेले पिकलेलेच असणार. कारण काढलेले फळ आपण परत टाकत नाही. नाण्याचे तसे नाही. दर वेळी छापा आणि काटा दोन्ही असतातच. मागे काय पडले, याचा पुढच्या फेकीशी काही संबंध नाही. अशा घटनांना गणितात स्वतंत्र घटना म्हणतात.

सलग चार काटे पडण्याची शक्यता सोळांत एक. म्हणून वाटते, चौथ्यांदा छापाच येईल. पण तीन काटे आणि मग छापा, याचीही शक्यता सोळांत एकच! म्हणजे तीन काटे पडून गेल्यावर पुढे दोन्ही सारखेच.

मुलगा की मुलगी, हेही जवळजवळ नाण्यासारखेच आहे. वडिलांकडून एक्स गुणसूत्र आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. हे दर बाळाच्या वेळी नव्याने ठरते. आईचा त्यात काय दोष? देवाच्या टोपलीतल्या मुली काही संपत नाहीत!

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात मुलींची नावे 'नकोशी' ठेवली जात. असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ होऊन अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली. आधीच्या मुलीला नकोशी म्हटल्याने पुढचे बाळ कसे बदलेल? उलट त्या मुलीला मात्र रोज हजेरीला ते नाव ऐकावे लागते.

म्हणून माझे मत असे की, स्वतंत्र घटनांचे गणित वहीत ठेवू नये, घरी सांगावे. मी आजीपुढे वीस वेळा नाणे उडवले. ती म्हणाली, "अगं बाय माझे, नाणं आन् पोर एक हाय व्हय?" तरी शेवटी तिने स्वतःही एकदा उडवून पाहिले. उद्या मी पुन्हा नाणे घेऊन बसणार आहे. तुम्हीही बसा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी