कार्ड हाती, बाजार परक्या हाती

अमेरिकेतील डॅलस येथील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहाने ऑगस्ट २०२५ मध्ये बास्केटबॉलचे एक कार्ड सुमारे १ कोटी २९ लाख डॉलरला विकले. रुपयांत ही रक्कम शंभर कोटींच्या पुढे जाते. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या स्वाक्षऱ्या असलेल्या या तळहाताएवढ्या कार्डाने, त्याच लिलावगृहात ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या १९५२ सालच्या कार्डाला मिळालेल्या १ कोटी २६ लाख डॉलरच्या किमतीचा विक्रम मोडला. अशा बातम्या आता मोबाइलवर जितक्या वेगाने मुंबईत पोहोचतात, तितक्याच वेगाने कर्जत तालुक्यातील मिरजगावातही पोहोचतात. त्यांच्या पाठोपाठ पोहोचतात त्या ‘दुर्मीळ’ क्रिकेट कार्डांच्या विक्रीच्या जाहिराती. खरेदी एका बोटाच्या स्पर्शाने होते. मात्र हेच कार्ड उद्या विकायचे झाल्यास ते कोणाला, कोठे आणि कोणत्या भावाने विकायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्याला क्रिकेटचे वेड नवे नाही. झहीर खान श्रीरामपूरचा, तर अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. आपल्या मातीतील खेळाडूचे कार्ड जपून ठेवावे असे एखाद्या शाळकरी मुलाला वाटले, तर त्यात नवल नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘बिग फन’ बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे मुलांनी अशाच हौसेने जमवली. पुढे आयपीएलच्या काळात टॉप्स या अमेरिकी कंपनीने ‘क्रिकेट अटॅक्स’ या नावाने खेळाडूंची कार्डे भारतीय दुकानांत आणली. या साऱ्या देवघेवीत पैशाला फारसे स्थान नव्हते. एकाकडे दोन असलेले चित्र देऊन नसलेले घ्यायचे, एवढाच तो व्यवहार. हौसेची जागा गुंतवणुकीने घेतली, तेव्हा या व्यवहाराचे स्वरूपच पालटले.

कार्डाला किंमत का येते, हे समजून घेतले पाहिजे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांसोबत बेसबॉलपटूंची कार्डे वाटली. त्यांतील होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाची छपाई लवकर थांबली आणि मोजक्याच प्रती उरल्या. त्यांपैकी एक ऑगस्ट २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला विकली गेली. टॉप्सने १९५२ मधील न खपलेली कार्डे पुढे १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवली होती. मँटलच्या कार्डाच्या दुर्मीळतेचे ते एक कारण. परंतु केवळ दुर्मीळतेने भाव ठरत नाही. कार्ड अस्सल आहे काय, त्याचे कोपरे शाबूत आहेत काय, छपाई मध्यभागी आहे काय, हे तपासून त्याला एक ते दहा अशी प्रतवारी देणाऱ्या संस्था तेथे उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये स्थापन झालेली पीएसए ही त्यांतील प्रमुख. करोनाकाळात या बाजाराला असा पूर आला, की ईबे या संकेतस्थळावरील अमेरिकेतील कार्डविक्री २०२० या एका वर्षात १४२ टक्क्यांनी वाढली आणि साचलेल्या ढिगामुळे पीएसएला मार्च २०२१ मध्ये बहुतेक नव्या कार्डांचा स्वीकार काही काळ थांबवावा लागला.

तात्पर्य असे, की किंमत कागदात नसते. ती प्रतवारी, खुला लिलाव आणि मागील सौद्यांची नोंद या तीन खांबांवर उभी असते. मिरजगावच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही. माल कितीही उत्तम असो, बाजार समितीत प्रतवारी झाली नाही, लिलाव पुकारला गेला नाही आणि हिशेबपट्टी हाती पडली नाही, तर त्या मालाचा भाव म्हणजे बाजारातल्या तुरीच.

भारतात असा बाजार उभा राहण्याची एक संधी येऊन गेली. मुंबईत २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले. नाणी, तिकिटे, स्वाक्षऱ्या, जुनी मासिके आणि कार्डे यांचे छोटे संग्राहक त्यावर एकमेकांना भेटू लागले. विक्रेत्याविषयी आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय दिसत, बोली उघड लागे. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे डॉट इन बंद झाले. नव्या वस्तूंच्या विक्रीत गुंतलेल्या मोठ्या कंपन्यांना संग्राहकांच्या लिलावात रस नव्हता. तेव्हापासून भारतीय संग्राहकाचा बराचसा व्यवहार समाजमाध्यमांवरील गट आणि जुन्या वस्तूंच्या विक्रीची सर्वसाधारण ॲप यांवर चालतो. तेथे पैसे आधी यूपीआयने पाठवायचे आणि वस्तूची वाट पाहायची. कार्ड अस्सल आहे याची हमी म्हणजे विक्रेत्याचा शब्द. जगभर मानली जाणारी प्रतवारी हवी असेल, तर कार्ड सहसा परदेशी पाठवावे लागते. शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च अनेकदा कार्डाच्या किमतीहून अधिक होतो.

ही पोकळी भरून काढण्याचे आश्वासन २०२१ मध्ये डिजिटल कार्डांनी दिले. संगणकीय नोंदवहीत मालकी कोरलेली असल्याने बनावटीचा प्रश्नच उरणार नाही, असा दावा होता. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या वर्षी फॅनक्रेझ या उपक्रमाशी करार केला. मार्च २०२२ मध्ये त्यात दहा कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेने रारिओ या कंपनीत बारा कोटी डॉलर ओतले. परंतु त्याच एप्रिलपासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची मुभा त्यात नाही. जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढील सौद्यांवर एक टक्का करकपातही सुरू झाली. हौशी माणसाने दहा कार्डे घेतली, नऊंत गमावले आणि एकात कमावले, तरी त्या एकावरचा कर चुकत नाही.

दुसरा धक्का न्यायालयातून आला. रारिओने काही क्रिकेटपटूंसह, खेळाडूंची नावे व चित्रे वापरल्याबद्दल एमपीएलच्या ‘स्ट्रायकर’ या प्रतिस्पर्धी उपक्रमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. अमित बन्सल यांनी २६ एप्रिल २०२३ रोजी अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूंचे नाव, रेखाटलेले चित्र आणि सामन्यांची आकडेवारी ही सार्वजनिक माहिती असून तिचा वापर कोणा एकाची मक्तेदारी नाही, असे त्या आदेशाचे सार होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा आदेश महत्त्वाचा. परंतु ‘अधिकृत’ या शब्दासाठी अधिक पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला त्यातून एक इशाराही मिळाला. उद्या त्याच खेळाडूचे दुसरे कार्ड दुसरी कंपनी काढू शकते.

तिसरी गोष्ट दुकानाच्या आयुष्याची. अमेरिकेतील ड्राफ्टकिंग्ज या बड्या कंपनीने ३० जुलै २०२४ रोजी आपले डिजिटल कार्डांचे खेळ आणि त्यांची बाजारपेठ तडकाफडकी बंद केली. अशा वेळी नोंदवहीतील मालकी शाबूत राहिली, तरी ती विकत घेणारे गिऱ्हाईक उरत नाही. कागदी कार्ड दुकान बुडाल्यावरही निदान पेटीत राहते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला. समाजहिताच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल. तथापि ज्या डिजिटल कार्डांचे मोल अशा खेळांतील बक्षिसांवर बेतलेले होते, त्यांचा आधारच त्यामुळे सुटला.

फसवणूक झाल्यास ग्राहकाने जायचे कोठे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मिरजगावचा रहिवासी आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी संकेतस्थळांवर तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन घातले आहे. मात्र यात दोन मोठ्या फटी आहेत. पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणाऱ्याला कायदा ‘ग्राहक’ मानत नाही. नियमितपणे धंदा न करणाऱ्या, व्यक्तिगत पातळीवर एखादी वस्तू विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू होत नाहीत. ‘पुढे भाव येईल’ म्हणून अनोळखी संग्राहकाकडून कार्ड घेणारा नेमका या दोन फटींमध्ये सापडतो. त्याच्यासाठी उरते ते सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक फिरवणे आणि पोलीस ठाण्याची पायरी चढणे.

मूठभर हौशी लोकांचा हा प्रश्न आहे, त्याची एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जुन्या नोटा आणि नाणी लाखो रुपयांना विकत घेण्याचे आमिष दाखवून, आधी ‘कर’ आणि ‘कमिशन’ उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा जाहीर इशारा द्यावा लागला. घरातील ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला मोठी किंमत येईल, ही आशा आणि कपाटातील क्रिकेटच्या कार्डाला येईल, ही आशा एकाच जातीची आहे. मागे खरा बाजार नसला, की अशा आशेवर भामटे जगतात.

उपाय अवघड नाहीत. जुन्या व संग्राह्य वस्तूंची विक्री होऊ देणाऱ्या संकेतस्थळांनी वस्तू पोहोचेपर्यंत पैसे आपल्याकडे राखून ठेवावेत, झालेल्या सौद्यांचे भाव उघड करावेत आणि वारंवार विक्री करणाऱ्याची ओळख पडताळावी, एवढे बंधन सरकार घालू शकते. देशात विश्वासार्ह प्रतवारी उभी करण्यात क्रिकेट नियामक मंडळानेही पुढाकार घ्यावा. खेळाडूंच्या प्रतिमेतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच्या छत्राखाली निर्माण होतो. तोवर ग्राहकाने एक साधा हिशेब करावा. मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे, प्रत्यक्ष झालेला सौदा म्हणजे किंमत. कार्ड आवडले म्हणून घेतले, तर भाव पडला तरी आनंद उरतो. नफ्यासाठी घ्यायचे असेल, तर पैसे पाठवण्याआधी ते विकत घेणारा दुसरा माणूस कोठे आहे, हे शोधावे. तो सापडत नसेल, तर खिशातील पैसे खिशातच राहू देणे शहाणपणाचे.