जादुई वास्तववाद : अद्भुताचा आधार
गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना त्यांच्या कादंबऱ्यांतील अद्भुताविषयी वारंवार विचारले जाई. वास्तवाचा आधार नसलेली एकही ओळ आपण लिहिली नाही, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर निव्वळ विनय वा विनोद नव्हे. ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९६७) मध्ये केळीच्या मळ्यांतील संपकऱ्यांची कत्तल होते. मात्र असे काही घडलेच नाही, अशी गावाची खात्री असते. १९२८ साली कोलंबियातील सिएनागा येथे सैन्याने संपकऱ्यांवर खरोखरच गोळीबार केला; मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. म्हणजे येथील अद्भुत हे लादलेल्या विस्मरणाच्या वास्तवाचेच रूप ठरते. तेव्हा जादुई वास्तववादातील केवळ ‘जादू’पाशी रेंगाळणारी समीक्षा तेच विस्मरण पुढे चालवते, असे म्हणावे लागेल.