म्हातारा कॉम्प्युटर आणि खोडरबर

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे उपसले जातात. गेल्या दिवाळीच्या आधी असंच झालं. मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतला एक मुलगा हातात डबा घेऊन माझ्याजवळ येऊन उभा राहिला. डबा काही उघडेना.

"बाई, आमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. बाबा तो भंगारवाल्याला देणार आहेत."

"किती म्हातारा?"

"माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे."

नऊ आणि तीन बारा. माणसाचं बारा वर्षांचं पोर म्हणजे सातवीत दंगा करणारं! पण कॉम्प्युटरला मात्र लोक या वयात थेट म्हातारा ठरवून मोकळे होतात.

मला आमच्या घरचा कॉम्प्युटर आठवला. २०१९ साली आम्ही तो असाच वजनावर देऊन टाकला. जागा मोकळी झाली म्हणून मी खूषसुद्धा झाले होते. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि घरात दोन मुलांच्या अभ्यासाला मिळून एकच मोबाईल उरला. पण खरी चुटपूट वेगळीच आहे. माझ्या वडिलांनी भाचीसाठी एक कोल्ह्याची गोष्ट सांगितली होती, त्यांच्या आवाजातली ती फाईल त्या कॉम्प्युटरमध्येच राहिली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आता वडीलही नाहीत.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "बाबांना सांग, रविवारी बाई येतात. तोवर भंगारवाल्याला थांबवा."

कसबा पेठेतल्या जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली हे यंत्र बसलेलं होतं. विंडोज ७, दोन जीबी रॅम, वर क्रोशाचं झाकण. बटण दाबलं आणि मी मनगटावरचं घड्याळ बघत बसले. काम करण्याजोगा पडदा यायला ६ मिनिटे ४० सेकंद लागली. तेवढ्यात आजींचा चहा करून झाला. बाबा म्हणाले, "आज बरा चालू झाला बाई. एरवी नुसता पीप पीप करतो. मग कडेला एक चापट मारावी लागते."

चापट मारली की चालू होतो? मग तर आजार सोपा आहे, असं मी म्हटलं.

आता नीट वाचा हं, आणि हे काम घरातलं मोठं माणूस शेजारी असतानाच करा. कॉम्प्युटर बंद करायचा, भिंतीतला प्लग काढायचा आणि पंधरावीस मिनिटे तसाच ठेवायचा. मागच्या वायरी काढण्याआधी मोबाईलवर त्यांचा फोटो काढून ठेवायचा. हा फोटोचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा पुढच्या बटणाच्या बारीक वायरी माझ्या हाताला लागून निघून आल्या, आणि कुठली कुठे होती ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. आणखी एक : डब्याच्या आत, मागच्या कोपऱ्यात, जिथे विजेची जाड वायर येते ती पेटी (पॉवर सप्लाय) कधीही उघडायची नाही. जुना, पाठीवर फुगलेला मॉनिटर असेल तर तोही नाही. प्लग काढल्यावरसुद्धा त्यांच्यात वीज साठून राहिलेली असू शकते.

कडेचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवला, आणि काय सांगू! आत धुळीची गोधडी. आम्ही डबा गॅलरीत नेला. चित्रकलेचा एक कोरडा, मऊ ब्रश घेतला. पंखा बोटाने धरून ठेवला, म्हणजे तो फिरत नाही, आणि त्याच्या पात्यांमधली, खालच्या धातूच्या पट्ट्यांमधली धूळ हळूहळू झाडली. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. ओलं फडकं तर नकोच.

धूळ गेली म्हणून कॉम्प्युटर वेगात कसा चालेल, असं त्या मुलाने विचारलं. प्रश्न चांगला होता. मधल्या मोठ्या चिपला, म्हणजे प्रोसेसरला, काम करताना उष्णता होते. ती उष्णता धातूच्या पट्ट्या ओढून घेतात आणि पंखा ती बाहेर घालवतो. पट्ट्यांवर गोधडी पांघरली तर उष्णता आतच राहते. मग आपण करपू नये म्हणून प्रोसेसर आपणहून सावकाश काम करू लागतो. भर उन्हात शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत चालत जाऊन बघा, तुम्हीही तेच कराल.

आता पीप पीपचं औषध. रॅम म्हणजे पट्टीएवढी एक हिरवी पट्टी, खाचेत उभी बसवलेली. डब्याच्या उघड्या पत्र्याला आधी हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. (केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना, तीच वीज. तिचा बारीकसा झटका आपल्याला कळतही नाही, पण चिप मरू शकते.) पट्टीच्या टोकांचे चिमटे बाजूला दाबले की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात ओळीने बसवलेले दिसतात. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने त्यांच्यावर मळाचा थर बसतो, वीज नीट जात नाही, आणि रॅम सापडत नाही म्हणून कॉम्प्युटर पीप पीप करून ओरडतो. बाबांच्या चापटीने पट्टी क्षणभर हलायची, कुठेतरी टेकायची, आणि यंत्र चालू व्हायचं. एवढंच त्या चापटीचं रहस्य.

मी म्हटलं, "दप्तर आण." दप्तरातून निघालं पांढरं खोडरबर, एका बाजूने पेन्सिलीने काळं झालेलं. त्याची स्वच्छ बाजू घेऊन त्या मुलाने सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने खोडले. चुरा कोरड्या फडक्याने झटकला. पट्टीच्या कडेला एक खाच असते, ती खालच्या उंचवट्याशी जुळली तरच पट्टी बसते. दोन्ही टोकांना सारखं दाबलं, 'खट' झालं, चिमटे आपोआप मिटले. त्या दिवसापासून चापट बंद आहे.

जवळच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी कमी रुंद अशी एक चपटी बॅटरी असते, तिचं नाव सीआर२०३२. तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. कॉम्प्युटर दर वेळी चुकीची तारीख दाखवत असेल आणि इंटरनेटवरची पानं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसतील, तर ही बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी. अधिकची खूण वर ठेवून नवी बसवायची. या दुरुस्तीला माणसं उगाच घाबरतात.

रॅमच्या शेजारची एक खाच रिकामी होती. बाबांनी जुनी पट्टी कागदाच्या पाकिटात घातली आणि ते बुधवार पेठेत जाऊन तशीच दुसरी दोन जीबीची, वापरलेली, घेऊन आले. पट्टी बरोबर न्यायची ती यासाठी, की डीडीआर२ आणि डीडीआर३ यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. आणि ऐका, विंडोज ३२ बिटचा असेल तर ४ जीबी बसवूनही पडद्यावर तीन-साडेतीनच वापरता येते असं दिसतं. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

आता डबा बंद करून आपण पडद्याकडे वळू. विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा, चौकटीत एम-एस-सी-ओ-एन-एफ-आय-जी असं लिहा, एन्टर दाबा आणि 'स्टार्टअप' उघडा. (विंडोज १० मध्ये ही यादी 'टास्क मॅनेजर'मध्ये मिळते.) कॉम्प्युटर चालू होताना जे जे कार्यक्रम न बोलावता हजर होतात, त्यांची ही हजेरी. आमच्या म्हाताऱ्याकडे असे सतरा पाहुणे निघाले. त्यातला एक तर केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा! ओळखीच्या आणि नको असलेल्यांच्या खुणा काढा, पण अँटिव्हायरस राहू द्या. ज्याचं नाव कळत नाही त्याला हात लावू नका.

मग 'कॉम्प्युटर'वर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', आणि तिथे 'परफॉर्मन्स'. 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडलं की खिडक्यांच्या सावल्या आणि सरकण्याचा नखरा बंद होतो. पण एक खूण मुद्दाम परत लावा, 'स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स'. नाहीतर मराठी अक्षरं दातेरी दिसतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी आठवडाभर डोळे चोळत होते!

पुन्हा घड्याळ लावलं. २ मिनिटे ५० सेकंद. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर वेळ आणखी पुष्कळ कमी होईल, कारण तिच्यात फिरणारी तबकडीच नसते. पण तो खर्च बाबांनी पुढे ढकललाय, आणि त्यात चूक काही नाही.

एवढा वेळ आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, याच्यात मराठी येतं का हो? मला माझे पदार्थ लिहून ठेवायचेत."

येतं की! पण हे सहज झालेलं नाही बरं का. डॉसच्या काळातल्या कॉम्प्युटरला देवनागरी अजिबात येत नसे. कानपूरच्या आयआयटीत त्यावर काम झालं, आणि पुढे आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते 'जिस्ट' नावाने वाढवलं. साध्या कॉम्प्युटरचा डबा उघडून आतल्या खाचेत 'जिस्ट कार्ड' बसवलं, की त्याच पडद्यावर मराठी उमटायचं. आहे त्या यंत्राला आपल्या कामाचं करून घ्यायचं, हा उद्योग पुण्यात इतका जुना आहे. आता कार्ड लागत नाही. 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'रीजन अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडला की झालं. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं.

या मांडणीचं नाव इनस्क्रिप्ट, १९९१ च्या भारतीय मानकातही ती आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एकाच बटणावर क आणि शिफ्टबरोबर ख, तसंच ग आणि घ, प आणि फ. आम्ही किमतीची छोटी कोरी लेबलं आणली, त्या मुलाने सुवाच्य अक्षरांत ती लिहिली आणि बटणांवर चिकटवून वर पारदर्शक टेप लावला. आजींनी के, ई, के, ई दाबलं आणि पडद्यावर 'काका' उमटलं. "अगं बाई!" असं त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की नातू मोबाईल घेऊन धावला आणि त्याने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

त्याचं पुढे काय झालं ऐका. चुकीचं बटण दाबलं की विंडोज 'टिंग' असा आवाज करतो ना? तो बदलता येतो. मोबाईलवरचा आवाज ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये नेऊन 'वॅव्ह' प्रकारात साठवायचा. मग 'कंट्रोल पॅनल', 'साउंड', तिथे 'साउंड्स', आणि हव्या त्या घटनेपुढे आपली फाईल. आता त्या घरी चूक झाली की आजीच "अगं बाई!" म्हणतात. त्या फाईलची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घ्यायला लावली, आणि घरच्या फोटोंचीही.

पालकांसाठी थोडं. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करू नका, अनोळखी फाईल उघडू नका. आणि यंत्र खरंच गेलंच असेल, तर देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. नुसतं 'डिलीट' केल्याने माहिती पुसली जात नाही. बाकीचं कचऱ्याच्या बादलीत नको, आतल्या पट्ट्यांवर शिसं असू शकतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा घेते.

जुन्या विंडोजऐवजी लिनक्स मिंट हा मोफत पर्याय, हार्ड डिस्कला धक्का न लावता, पेनड्राइव्हवरून कसा चालवून बघायचा ते पुढच्या अंकात. निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार ठेवा.

तोवर एक कोडं. मराठी कीबोर्ड जोडून सी, डी, यू, ई, एल, ई, जे, ई ही आठ बटणं ओळीने दाबा. कोणता शब्द आला? ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी आजच्या लेखाचं नाव पुन्हा वाचावं, उत्तर तिथेच लपलंय.